अनुदानात बसणारा रोगी

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात रोग्याच्या हातात गोळी देऊन त्याला वाटेला लावत नाहीत. ती जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत माझ्यासमोर बसायचं. तेवढा वेळ रोग्याला बोलता येत नाही, त्यामुळे तोंडाचा पट्टा माझाच चालतो. सगळ्यांत जास्त ऐकून घेतलं ते फरशीवाल्यानं. फरश्या बसवून बसवून त्याचे गुडघे गेले, गुडघ्यांसाठी दुखण्याच्या कडक गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांचीच नशा जडली. संसाराचं वाटोळं व्हायची वेळ आली, तेव्हा बायकोनं दंडाला धरून त्याला इथे आणला. आमच्या गोळीवर तो माणसात आला. कामावर जाऊ लागला, मापं चुकेनाशी झाली.

त्या दिवशी गोळी तोंडात असतानाच मी त्याला सांगून टाकलं, "वरून नवा नियम आलाय. एका रोग्याला सरकारी अनुदान एकच वर्ष. तुमचं वर्ष भरलं. आता डोस कमी करत करत बंद."

मुद्दामच तेव्हा सांगितलं. नाहीतर त्यानं लगेच प्रश्न विचारले असते आणि माझ्याकडे उत्तरं नव्हती. पण गोळी आज ना उद्या विरघळतेच.

"सिस्टर, मी तर बरा आहे की आता."

"गोळीमुळे बरे आहात."

"मग ती काढून का घेता?"

"चष्म्यानं नीट दिसायला लागलं, म्हणून चष्मा काढून घ्यायचा. आमच्या साहेबांचं शहाणपण हे असं!"

तो हसला. मला हसू आलं नाही. खाजगीत तीच गोळी त्याच्या मजुरीत बसणारी नव्हती. डॉक्टरांनी वर फोन करकरून पाहिले. प्रत्येकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

गोळी बंद झाल्यावर त्याची बायको खिडकीशी आली. "झोप नाही, अंग मोडून येतं, काम सुटलं. तरी कशाला हात लावत नाही हो! पुन्हा नाव घालायला काय करावं लागतं?"

"नशा पुन्हा सुरू झालेली तपासणीत दिसली पाहिजे. मग नवा रोगी धरतात."

मी नियम सांगितला, एवढंच. ती घराकडे निघाली.

पुढच्याच आठवड्यात दोघं आली. तो धुतलेला शर्ट घालून परीक्षेला आल्यासारखा बसला होता. लघवी तपासली. नशेची गोळी दिसली.

"तपासणीत लागली का?" त्यानं विचारलं.

"लागली."

त्यानं मान खाली घातली. बायको म्हणाली, "हा नको नको म्हणत होता. मीच आणून दिली. जुन्या मापानं घेतली तर जीव जाईल, म्हणून अर्धीच दिली आणि श्वास चालतोय ना, बघत उशाशी बसले."

ज्या बाईनं याला ओढत इथे आणला होता, तिनंच आता त्याच्या तोंडात नशा घातली होती. मला तिच्यावर चिडायला हवं होतं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. माणूस पुन्हा अनुदानात बसला होता.

त्याचं नाव नव्या रोग्यांत घातलं. आधीची नशा उतरल्याशिवाय आमची गोळी देता येत नाही, म्हणून त्याला उद्या सकाळी बोलावलं. तो दाराबाहेर गेला. बायको मात्र खिडकीपाशीच थांबली.

"सिस्टर, हे वर्ष संपल्यावर पुन्हा मीच आणून द्यायची का?"

डॉक्टर आतून ऐकत होते. त्यांनी पुन्हा वर फोन लावला.