लहानीचा इळा

शेखरपाशी पुस्तक होतं, म्हणून शेखर म्हणेल ती पूर्व दिशा. आणि पुस्तक तरी कसलं? डोंबिवलीच्या मावसभावाने दिलेली झेरॉक्स, निम्मी पानं तिरकी आलेली. पण दोन हजार तीन सालच्या शहापुरात फाशांचा हा खेळ दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हता. शेखर गोष्ट सांगायचा, राक्षस उभे करायचा, आणि बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचे. वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा: आकडा मोठा तर लागला, एक पडला तर हुकलाच. कॉलेज सुटलं की भगीरथच्या वडिलांच्या पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत हा उद्योग चाले. खेळणारे तिघे: भगीरथ, मनस्वी, आणि टोकावड्याच्या वरच्या वाडीतली, शहापुरात होस्टेलला राहणारी रुपा.

रुपाचं पात्र म्हणजे लहानी. लहानी मल्ल होती. अंगावर चिलखत नाही, पायात वहाण नाही, नुसत्या चपळाईवर लढणारी. रुपाचा तिच्यावर भारी जीव. वर्गात, होस्टेलात, एस्टीत रुपाचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. लहानी मात्र कुणाच्या बापाला भीत नसे. ही खोली सुटली तर लहानी सुटेल आणि आपण पुन्हा गप्प होऊ, हे रुपाला पक्कं ठाऊक होतं.

वांदा झाला तो पहिल्याच दिवशी, हत्यारावरून. शेखरने मल्लांना चालणाऱ्या हत्यारांची यादी वाचली: काठी, गोफण, फेकायचा भाला, साखळीने जोडलेले दोन दांडके, आणि एक जपानी हत्यार. त्याचं चित्र बघून रुपा म्हणाली, "हा तर इळा."

"विळा नाही तो. विळा पुढच्या पानावर आहे, आणि तो मल्लांना चालत नाही. पुस्तकात असेल तेच खरं."

हातच्या काकणाला आरसा कशाला? दोन्ही पानं शेजारी ठेवली. दोन्हींना लाकडी मूठ, दोन्हींना वाकडं पातं.

मनस्वीला हसू आवरेना. "घे ना गो तो जपानी. काय फरक पडतो?"

"आमच्या घरातलं हत्यार मी जपानच्या नावानं काय म्हनून घेऊ?" रुपा म्हणाली. "लहानीकडं इळा हाय. तसंच लिवा."

शेखरने नाक मुरडलं, जरा विचार केला आणि सांगितलं की ठीक आहे, पण यादीबाहेरचं हत्यार म्हणून दर फाशातून दोन वजा. त्याला वाटलं, चार दिवसांत ही वठणीवर येईल. रुपाने सगळा पावसाळा ते वजा दोन सोसलं. लहानीचा वार थोडक्यात हुकला की शेखर म्हणायचा, "जपानी घेतलं असतंस तर लागला असता." देवाने या माणसाला एवढी चिकाटी अभ्यासात दिली असती तर त्याच्या आईबापांचं भलं झालं असतं.

शेवटची लढाई दसऱ्याला ठरली, कारण त्या दिवशी गिरणीचा खडखडाट नसतो. शेखरने आधीच बजावून ठेवलं होतं: ज्याचं पात्र मरेल त्याने उठायचं, त्याच्या जागी कसाऱ्याचा रघू बसणार. बोलताना तो बघत होता रुपाकडे.

रुपा आदल्या दिवशी घरी गेली होती. दसऱ्याच्या सकाळी तिने इळा, कोयता, कुऱ्हाड घासून धुतली, आईने कुंकू लावून देवापुढे मांडली. मग मुरबाडला एस्टी बदलून ती थेट गिरणीवर आली.

राक्षस घाटातल्या गुहेत होता आणि तो आटपत नव्हता. भगीरथचे बाण संपले, मनस्वीचे मंत्र संपले. राक्षस लहानीकडे वळला.

"यादीतलं हत्यार घे, वजा दोन काढून टाकतो," शेखर म्हणाला. "शेवटचं सांगतोय."

"आज कायच नाय घेणार. इळा पूजेत हाय."

"म्हणजे?"

"दसरा हाय. आज त्याला हात लावत नाय. लहानी रिकाम्या हातानं लढंल."

"खेळात कुठून आला दसरा?"

रुपाने उघड्या दारातून गिरणीकडे बोट केलं. यंत्राला झेंडूची माळ होती, पुढे नारळ. "भगीरथ, चालू कर रे गिरणी."

"काहीतरीच काय? पूजा केलीय. बाबा जीव घेतील."

"मग मी काय येगळं सांगतेय?"

शेखरने फासा पुढे सरकवला.

लहानी लढली, आणि काय लढली. ठोसा लागला, लाथ लागली, राक्षस गुडघ्यावर आला. मग फासा घरंगळत भिंतीपाशी गेला आणि एकावर थांबला. राक्षसाचा पंजा पडला. लहानी मेली.

रुपाला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

"ऊठ," शेखर म्हणाला.

रुपाने डोळे पुसले आणि कोरा कागद पुढे ओढला. "लहानीची बहीण. सावळी."

"आपलं ठरलंय. मेला तो उठला."

"पुस्तकात दाखव."

"अगं, सगळंच काय पुस्तकात..."

"इळ्याच्या टायमाला काय म्हनलास? पुस्तकात असंल तेच खरं. आता दाखव."

शेखरने पानं चाळली, सरळ चाळली, तिरकी चाळली. शेवटी मनस्वीने झेरॉक्स त्याच्या हातातून घेतली आणि मोठ्याने वाचून सांगितलं की पात्र मेलं तर खेळणाऱ्याने नवीन करावं. उठावं, असं कुठेच नव्हतं.

"आणि ते वजा दोन?" रुपाने विचारलं. "त्येबी दाखव."

तेही नव्हतं. भगीरथ खाली बघून हसत होता. शेखरने पेनाचं टोपण काढलं आणि मान वर न करता विचारलं, "हत्यार?"

"इळा. देवापुढं हाय, उद्या सकाळी उचलंल," रुपा म्हणाली. "तुझ्या राक्षसाला सांग, तवर कुठं जाऊ नको."