कुंदाबाईंचं नाव मीच सांगितलं

मी बोलतेय ती जळगावच्या एका सायबर कॅफेतल्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरमधून. मी कुकी. नाव खाऊचं आणि काम चुगलीचं! खरं तर मी दोन ओळींची चिठ्ठी. एखाद्या वेबसाइटवर कुणी नाव नोंदवलं, की ती साइट मला त्या कॉम्प्युटरमध्ये ठेवून जाते. पुढच्या वेळी ती साइट उघडली, की मी आतून पुकारते, अमुक अमुक आलेत!

खुर्चीवर कोण बसलंय ते मला दिसत नाही. मी फक्त मशीन ओळखते. मला घडवणाऱ्यानं घरटी एक कॉम्प्युटर धरला असावा. इथे एका खुर्चीवर दिवसाला वीस माणसं बसतात, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलंच नाही.

माझा जन्म १९९९ च्या जानेवारीतला, शनिवारचा. कुंदाबाई सावद्याच्या शाळेत शिक्षिका. सकाळची शाळा उरकून एस.टी.नं आल्या होत्या. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, पदरात एक मुलगी, राहणं सासरीच. लग्न जुळवणाऱ्या साइटवर त्यांनी आपली माहिती भरली. शेवटी एक चौकट आली : या कॉम्प्युटरवर मला लक्षात ठेवा.

"बन्सीभाऊ, इथे टिक करायची का?" त्यांनी कॅफेवाल्या बन्सीलालला विचारलं.

"करून टाका मॅडम, काय बिघडतं!"

शाळेतल्या मुलांचे स्कॉलरशिपचे फॉर्म कुंदाबाईच भरत. चौकट रिकामी राहिली की फॉर्म परत येतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी टिक केली आणि मी जन्मले, तीही दहा वर्षांची मुदत घेऊन.

उठताना त्या म्हणाल्या, "कुणाला बोलू नका हं. चांगलं स्थळ आलं की सासऱ्यांना मीच सांगणार आहे. माझ्या तोंडून कळलं तर ते ऐकतील."

बन्सीलाल शब्दाचा पक्का. तो एक अक्षर बोलला नाही. पण मी होते ना!

पुढच्याच आठवड्यात कुंदाबाईंचे दीर झुलाल आपल्या मेव्हण्यासाठी स्थळ शोधायला आले. बन्सीलालला नातं ठाऊक नव्हतं. त्यानं त्यांना माझ्यापुढे बसवलं आणि तीच साइट उघडून दिली. मी इमानेइतबारे पुकारलं. पडद्यावर आलं : कुंदा, पुन्हा स्वागत! खाली त्यांचा फोटो, वय, आणि विधवा, एक मुलगी.

"ही तं आमची वहिनी हाये!" झुलाल ओरडले. "घरात कोनाले पत्ता नाही, अन् इथी जगाले सांगते!" खुर्ची मागे ढकलून ते तडक निघून गेले.

शनिवारी कुंदाबाई आल्या, पण दारातच उभ्या राहिल्या.

"बन्सीभाऊ, एवढीच विनंती केली होती ना तुम्हाला?"

"आईशप्पथ मॅडम, मी कोनाले काही बोललो नाही!"

"मग भिंतींनी सांगितलं का? मी तोंड उघडायच्या आत घरात सगळं होऊन गेलं. सासरे माझ्याशी बोलत नाहीत. आज कशीबशी आले, यापुढे शनिवारचं जळगाव बंद केलंय माझं."

मी आत तडफडत होते. अहो बाई, त्याला कशाला बोलता, मी सांगितलं, मी! पण मला नको तेव्हा वाचा फुटते आणि हवी तेव्हा दातखीळ बसते.

बन्सीलालच्या मनाला फार लागलं. कुणीतरी मागून डोकावून पाहिलं असेल असं वाटून त्यानं प्रत्येक कॉम्प्युटरभोवती प्लायवूड ठोकलं, पडदे लावले. आता गिऱ्हाइकं पडदा ओढून निर्धास्त बसतात. मी आतच आहे. या वेड्यांना काय म्हणावं?

परवा कॉलेजच्या पोरांनी गंमत म्हणून ती साइट उघडली. कुंदा, तुम्हाला एक उत्तर आलंय! भडगावचे कुणी विधुर, तेही शिक्षक. लिहिलं होतं, "मुलीला घेऊन या. आधी तिला विचारू, मग आपण बोलू." पोरांनी मोठ्यानं वाचलं, खिदळली. तेव्हापासून आणखी चौघांनी वाचलं. अख्ख्या जळगावला कळेल असं दिसतंय, आणि जिचं उत्तर ती तिकडे सावद्यात.

तुम्ही कधी तीन नंबरवर बसलात, तर आधी मला पुसून टाका. बन्सीलालला ते जमायचं नाही, मी आहे हेच त्याला माहीत नाही. आणि सावद्याकडे जाणार असाल तर शाळेत जाऊन, बाई एकट्या असताना, त्यांना हळूच सांगा. बन्सीलाल खोटं बोलला नव्हता. आणि भडगावहून उत्तर आलंय.