लेकीच्या वाटचं सूप

सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण काल माझी लेक वाटीभर सूप प्यायली, वर बटाट्याच्या दोन फोडी मागून घेतल्या आणि म्हणाली, "आईला सांगा, हात आखडता घेऊ नकोस."

असं मी हिला सांगितलं. हिला म्हणजे लेकीच्या आईला. घडलं ते वेगळंच.

लेक कवळ्या बनवायची. तोंडाची बोळकी झालेल्या अर्ध्या शहराला तिनं पुन्हा चावायला लावलं. माझी कवळीही तिच्याच हातची. इस्पितळानं हात टेकले तेव्हा आम्ही तिला घरी आणलं, खिडकीशी पलंग लावला. मग एकदा घरी येणाऱ्या नर्सबाईंनी मला जिन्यात गाठलं.

"आजोबा, आता भरवू नका. तिला गिळता येत नाही, घास श्वासात जाईल. ओला कापूस ओठांना लावा, बास. आजींना तुम्हीच सांगा."

जन्मभर थापा मारल्या, पण एवढं एक खरं काही जिभेवर येईना. ही ओट्याशी बटाटा सोलत होती. सोलतेय तोवर उभी आहे, एवढं मला कळत होतं.

मग काय, वाटी घेऊन आत जायचं, दार लोटायचं आणि लेकीनं घडवलेल्या दातांनी लेकीच्याच वाटचं चावायचं. ती डोळे मिटून पडलेली असायची. कधी उघडलेच तर माझ्याकडे बघायची, मी वाटीत बघायचो. ओठांना कापूस लावला की पाणी गालावरून उशीत जायचं. ते टिपण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हतं.

थाप एकदा फुगायला लागली की ती थांबत नाही. आधी दोन चमचे सांगितले, मग अर्धी वाटी, मग त्या फोडी. आज बाहेर आलो आणि म्हणालो, "चाटूनपुसून. म्हणाली, आईच्या हाताला काय चव आहे, उद्याही हेच कर."

हिनं वाटी हातात घेतली. धुतली नाही.

"चव आहे म्हणाली?"

"बोटं चाटत म्हणाली."

"आज मीठ घातलंच नव्हतं मी," ही म्हणाली. "पहिल्याच घासाला तिनं माझा उद्धार केला असता. खोटं बोलताय तुम्ही."