नवा निर्यातदार आणि जुनी भिंत

पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, स्वतःच्या कारखान्याची पाटी लागली, तरी लोक त्यांना ‘धाकटे’च म्हणायचे. म्हणणार नाहीत तर काय? भिंतीपलीकडे थोरले बसले होते ना.

वडील होते तोवर ती भिंत नव्हती. एकाच छपराखाली दोघं भाऊ गाड्यांचे ब्रेक ड्रम ओतायचे. ओतलेला ड्रम साखळीला टांगायचा, हातोडीने हलका ठोका द्यायचा आणि ऐकायचं. चांगला असला तर खणखणतो, आत तडा असला तर बद्द वाजतो. वडिलांनी दोघांना शिकवलेलं एवढंच, आणि धंदा चालला तो एवढ्यावरच. वडील गेले, आणि एक दिवस धाकटे म्हणाले, ‘‘दादा, परदेशी जाणारा माल आता मी बघतो.’’ थोरले सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, ‘‘आधी ड्रम वाजवायला शीक. तुझे कान अजून कच्चे आहेत.’’

झालं. वाटण्या झाल्या, भिंत उभी राहिली, आणि त्या दिवसापासून दोघांमध्ये विस्तव जाईना.

काही वर्षांनी धाकट्यांनी परदेशी गिऱ्हाईक शोधलं, पहिला माल पाठवलासुद्धा, आणि तिथेच घोडं अडलं. समुद्रापलीकडच्या त्या देशाने ब्रेक ड्रमवर अँटी-डम्पिंग ड्युटी बसवली होती. म्हणजे असं, की तुम्ही लोक आमच्या बाजारात मातीमोल भावाने माल ओतता आणि आमचे कारखाने बुडवता, तेव्हा भरा जादा कर. थोरल्यांसारख्या जुन्या निर्यातदारांची त्यांनी चौकशी केली होती आणि प्रत्येकाला ज्याचा त्याचा दर लावला होता. चौकशीच्या वेळी जे नव्हतेच, त्यांना मात्र सरसकट सगळ्यात जबर दर. ओळखीचा तो संशयित, अनोळखी तो पक्का चोर, असा त्या देशाच्या कर-कचेरीचा न्याय. हा दर टिकला तर गिऱ्हाईक पळणार आणि धाकट्यांच्या भट्टीला कायमचं कुलूप लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

धाकट्यांचे वकील म्हणाले, ‘‘एक वाट आहे. नव्या निर्यातदाराने अर्ज केला तर त्याची वेगळी तपासणी करून त्याला त्याचा स्वतःचा दर देतात.’’

‘स्वतःचा दर’ हे शब्द ऐकताच धाकटे खुर्चीत सरळ झाले. थोरल्यांचा नाही, वडिलांचा नाही, स्वतःचा.

‘‘मात्र तुम्ही नवे आहात हे सिद्ध करायला तुम्ही आधी त्यांना माल विकलेला हवा.’’

‘‘आधी विकला तर मी नवा कसा?’’

‘‘तो प्रश्न विचारायचा नसतो,’’ वकील म्हणाले. ‘‘दुसरं म्हणजे कुठल्याही जुन्या निर्यातदाराशी संबंध नको. सख्खा भाऊ म्हणजे संबंध आहेच, असं ते धरून चालतात. नाही हे तुम्ही दाखवायचं. पैसा, माल, यंत्रं, सल्ला, कशाचीच देवघेव नाही असं. भांडणाचे काही कागद आहेत?’’

‘‘सख्ख्या भावाशी भांडताना पावती घेतात का हो?’’

त्यांची बायको घरी म्हणाली, ‘‘मला साक्षीला न्या. तुमचं भांडण माझ्याइतकं कुणी ऐकलेलं नाही. जेवताना तेच, झोपताना तेच.’’ पण बायकोची साक्ष चालत नव्हती. मग वकीलच भिंतीपलीकडे गेले. थोरल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘संबंध नाही म्हणून लिहून देऊ? आणा इकडे. ठळक अक्षरांत लिहा.’’ फर्रकन सही केली. वर म्हणाले, ‘‘तपासणीच्या दिवशी मी भट्टीसुद्धा बंद ठेवतो. त्याला सांगा, माझ्या बाजूने चूं ऐकू यायची नाही.’’

निरोप ऐकून धाकट्यांना बरं वाटायला हवं होतं. ते उगाचच दिवसभर कामगारांवर खेकसत राहिले.

तपासणीला त्या परदेशी कचेरीतून एक बाई आल्या, बरोबर दुभाष्या. बाई बारीक चणीच्या, बोलणं मऊ, आणि नजर अशी की ओतीव लोखंडातूनही आरपार जावी. कच्चं लोखंड कुणाकडून घेता, साचे कोण बनवतं, गिऱ्हाईक कसं भेटलं, एकेक गोष्ट त्यांनी सोलून काढली. धाकटे पुरून उरले. वकील कोपऱ्यात उभ्या उभ्या फुलत होते. पलीकडे थोरल्यांनी शब्द पाळला होता. भट्टी थंड, सगळं चिडीचूप.

जाता जाता बाईंनी विचारलं, ‘‘तयार माल तपासता कसा?’’

‘आम्ही स्वतः तपासतो’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौस असते एकेकाला. धाकट्यांनी बाह्या सावरल्या, हातोडी उचलली आणि टांगलेल्या ड्रमला ठोका दिला. खणखणीत. पास म्हणून खडूची खूण केली. दुसराही खणखणीत. बाई कौतुकाने बघायला लागल्या.

तिसरा किंचित बद्द वाजला.

किंचितच. बाईंना कळला नाही, दुभाष्याला नाही, वकिलांना तर नाहीच. धाकट्यांना कळला. पण आता बाईंसमोर स्वतःचाच माल नापास करायचा? त्यांनी घसा खाकरला आणि खडूने खूण करून टाकली.

‘‘तो बाजूला ठेव,’’ भिंतीपलीकडून आवाज आला.

आवाज मोठा नव्हता. एरवी भट्टीच्या घरघरीत विरून गेला असता. आणि धाकट्यांचा हात, त्यांना न विचारता, खूण पुसून मोकळा झाला. दोन कामगार सवयीने पुढे आले, ड्रम उतरवला आणि भंगारात टाकला. मग सगळ्यांना एकदमच कळलं की काय झालं.

बाईंनी विचारलं, ‘‘हे कोण बोललं?’’

सगळे वकिलांकडे बघायला लागले. शेवटी साचेवाला, बिचारा सरळ माणूस, म्हणाला, ‘‘थोरले. बोलत नाहीत ते एरवी. भिंतीवर ठोकतात. ठोका आला की आम्ही तो ड्रम काढतो.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘भिंत झाली तेव्हापासून.’’

भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला होते आणि ते पक्के होते. धाकट्यांनी आपण खोटं बोललो असं कधी मानलंच नव्हतं. भिंतीवरचा ठोका म्हणजे काही बोलणं नव्हे. शिवाय तो ड्रम आपणही काढलाच असता, असं ते दर वेळी स्वतःला सांगत आले होते.

निकाल आला. मालाची अखेरची तपासणी भाऊ करतो, रोज करतो, फुकट करतो, सबब दोन्ही कारखाने एकच. अर्ज नामंजूर. थोरल्यांचा जो दर, तोच धाकट्यांना. तो मागितला त्याहून जड होता, पण भीती होती त्याहून पुष्कळ हलका. भट्टी वाचली. वकिलांनी हा आपला विजय असल्याचं जाहीर केलं. खाली एक ओळ होती: यापुढे कचेरीला द्यायची सगळी उत्तरं दोघांनी मिळून, दोघांच्या सहीने द्यावीत. आई समजावता समजावता गेली, मामाने मध्यस्थी करून शिव्या खाल्ल्या, जावा-जावांनी नाना युक्त्या केल्या. कुणाला जमलं नाही ते परक्या देशातल्या कचेरीने एका ओळीत करून टाकलं, तेही शिक्षा म्हणून.

‘‘जा आता,’’ बायको म्हणाली. ‘‘सरकारी हुकूम आहे.’’

धाकटे थोरल्यांच्या फाटकातून आत गेले. थोरले कागद पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांनी पायाने खुर्ची सरकवली.

‘‘गप्पच बसायचं ठरवलं होतं मी,’’ थोरले म्हणाले. ‘‘पण कुणाच्या तरी गाडीत बसला असता तो ड्रम.’’

‘‘माझा दर गेला, दादा.’’

‘‘गेला खरा.’’ थोरल्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘तो बद्द वाजला, ते तुला ऐकू आलं होतं.’’

नाही म्हणणं सोपं होतं. कान कच्चे म्हणून सुटका तरी झाली असती.

‘‘आलं होतं,’’ धाकटे म्हणाले. ‘‘पहिल्याच ठोक्याला.’’

थोरल्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ‘‘म्हणजे कान पक्के झालेत की तुझे. मी उगाच इतकी वर्षं भिंत ठोकत बसलो.’’

हे एक वाक्य ऐकायला धाकट्यांनी वाटणी मागितली होती, भिंत घातली होती, समुद्रापार माल धाडला होता. आणि मिळालं ते अशा दिवशी, की मान वर करता येईना. त्यांना रडूच आलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं, आणि थोरल्यांनी खिडकीकडे तोंड करून लपवू दिलं.

मग धाकट्यांनी खिशातून पेन काढलं. ‘‘सही कुठे करू?’’

थोरल्यांनी कागदावर बोट ठेवलं.

‘‘माझ्या खाली,’’ ते म्हणाले.