मोठ्या मापाची निकर

बालमित्रांनो, मी आहे एक जुनी निकर. बायकांची, सुती, गडद जांभळ्या रंगाची, बेंबीच्या वर येणाऱ्या उंच कमरेची. हसू आलं असेल तर आधी हसून घ्या. मला पाहून माणसं एक तर हसतात, नाही तर मान वळवतात. असं का करतात, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या आयुष्यात मला कळलेल्या गोष्टी थोड्या आणि न कळलेल्याच जास्त आहेत.

माझा जन्म सुरतेच्या भेस्तान भागातल्या एका गाळ्यात झाला. सुरत म्हणजे साड्यांचं शहर. तिथलं कापड चमकतं, सुळसुळतं, हातात ठरत नाही. माझं कापड मात्र बाहेरगावाहून गाठोड्यात बांधून आलं होतं. ते बनियनसारख्या विणीचं होतं, साधं आणि मऊ. सुंदरा नावाची बाई शिलाई मशीनवर बसायची. तिने माझ्या कमरेला रुंद पट्टी जोडली, मला दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि शेजारणीला विचारलं, "एवढ्या उंच कमरेची कोण घालत असेल गं?"

"असेल कोणीतरी," शेजारीण म्हणाली आणि दोरा तोडला.

कोण ते कोणीच सांगितलं नाही. माझ्यावर शंभर मापाची चिठ्ठी लागली आणि मी सुरतेतल्याच उधन्याच्या एका दुकानात जाऊन पडले. तिथे माझ्याभोवती लेसच्या, जाळीच्या, फितीच्या, गुलाबी, मोरपंखी अशा नाजूक मैत्रिणी होत्या. त्या भराभर विकल्या जात. आम्हां मोठ्या मापाच्या तिघी जणींना दुकानदारीणबाई फळीवर मागे सरकवून ठेवत. आमच्यात काय चूक झाली, याचा मी बरेच दिवस विचार करत होते.

मग एका दुपारी योगराज आला. खानदेशातून आलेला, पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये काम करणारा तरुण माणूस. दुकानात तीन बायका होत्या. त्या जाईपर्यंत तो दाराशी उभा राहून रुमालांची किंमत विचारत राहिला.

"बोलो भाई, कई साइज?" दुकानदारीणबाईंनी गुजरातीत विचारलं.

"नेहमीची," तो म्हणाला. मग स्वतःच गोंधळला. "घरवाळी माटे. डिलिवरी थई छे. सिझर." बायकोसाठी, पोट कापून बाळंतपण झालंय.

बाईंनी त्याच्यापुढे पाच खोकी उघडली. ही कमरेखाली बसणारी, ही मांडीपर्यंतची, ही पोट आवळणारी, ही एकदा वापरून फेकायची. कोणती देऊ? योगराजला घाम फुटला. त्याने घरी फोन लावला, पण कोणी उचलला नाही. शेवटी त्याने बोलणंच थांबवलं आणि कापडं चाचपायला लागला. मिलमध्ये दिवसभर त्याच्या हातांखालून कापड जायचं. त्याला माप कळत नव्हतं, पण कापड कळत होतं. अंगठ्याने एकेक चोळत तो माझ्यापाशी आला आणि थांबला.

"आ आपो," तो म्हणाला. ही द्या.

"मोटी पडशे," बाई म्हणाल्या. मोठी होईल.

"मऊ आहे," योगराज म्हणाला. आम्हां तिघींना त्याने उचललं.

त्याचं घर उधन्यातच होतं. एक खोली, मागे मोरी, वर पत्र्याची गच्ची. खोलीत त्याची बायको सोनाली, चार दिवसांची मुलगी आणि त्याची आई शोभाबाई होत्या. त्या घरात अहिराणी बोलत, आणि मध्येच गुजराती, हिंदी. सोनालीची आई ती सहा वर्षांची असतानाच गेली होती. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी न होता सुरतेतच झालं.

पिशवी उघडून सोनालीने मला अंथरुणावर पसरलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"मी एवढी झाले का?" तिने विचारलं.

"तसं नाही," योगराज म्हणाला. "कापड चांगलं आहे."

"मी नव्वद घालते. तुम्हाला एवढंही माहीत नाही."

तिचे डोळे भरून आले. योगराजला आपलं काय चुकलं ते समजेना. मला तर त्याहून समजेना. मी कोणाला रडवायला शिवलेली नव्हते.

शेजारच्या खोलीतली वर्षा बाळ पाहायला आली तेव्हा मी तिथेच पडले होते. नुकतंच लग्न झालेली वर्षा खूप बोलायची. "वहिनी, ही नका घालू. पोट असंच लोंबत राहील," ती म्हणाली. "घट्टच घालायची. वरून पट्टा बांधायचा. मोबाइलवर सगळ्या तेच सांगतात."

शोभाबाई मला पाहून हसल्या. त्यांचं म्हणणं वेगळंच. "निकर कशाला लागते बाळंतिणीला? आम्ही जुन्या लुगड्याची घडी घ्यायचो. अंगाला हवा लागली पाहिजे."

सोनालीला तीन दिशांनी तीन हुकूम मिळाले होते. घट्ट घाल, सैल घाल, घालूच नको. इस्पितळातून निघताना कोणी सांगितलं असेल तर गडबडीत तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. तिने तिघांचंही थोडं थोडं ऐकलं. आपली जुनी नव्वद मापाची निकर चढवली, तिच्यात लुगड्याची घडी बसवली आणि वरून पट्टा आवळला. आम्ही तिघी पत्र्याच्या पेटीत गेलो.

पेटीचं झाकण नीट लागत नव्हतं, म्हणून मला खोलीतलं सगळं ऐकू यायचं आणि थोडं दिसायचंही. सोनालीच्या त्या जुन्या निकरचं इलॅस्टिक बरोबर टाक्यांवर बसायचं. उठताना तिच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. मग ती एका कुशीवर रेलून बसायला लागली. शोभाबाईंनी विचारलं की म्हणायची, "काही नाही, पाठ भरून आली."

धुतलेल्या निकरा ती मोरीत दोरीवर टाकायची आणि वरून टॉवेल पसरायची, कोणाला दिसू नयेत म्हणून. त्या टॉवेलाखाली वारा जात नसे, ऊन जात नसे. त्या कधी पुरत्या वाळल्याच नाहीत. ओलसरच तिच्या अंगावर जात. मला पेटीतून ओरडावंसं वाटे, मी कोरडी आहे, मला घे. पण मित्रांनो, आमच्या जातीला आवाज नसतो. आणि खरं सांगायचं तर मला खात्रीही नव्हती. वर्षा म्हणते ते बरोबर असलं तर? मी खरंच नको असलेली वस्तू असले तर?

दहाव्या दिवशी तिला कणकण आली. शोभाबाई म्हणाल्या, दुधाचा ताप असेल. त्यांनी शेक दिला, खसखशीची खीर केली. सोनालीने खीर खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. टाके ओले लागतात हे तिला कळत होतं. ते कुठल्या शब्दांत आणि कोणाला सांगावं, हे कळत नव्हतं. नवऱ्याला सांगायची लाज. सासूला सांगावं तर ती म्हणेल, निकर घालू नको म्हटलं होतं ना. आई असती तर सांगितलं असतं का, तेही तिला ठाऊक नव्हतं. तिला आईचा आवाजसुद्धा आठवत नव्हता.

चौदाव्या दिवशी विशाखाताई आल्या. त्या वस्तीतल्या आशा कार्यकर्त्या, घरोघर जाऊन बाळ-बाळंतीण पाहणाऱ्या. आईवडील रेल्वेच्या कामासाठी भुसावळहून आलेले, त्या स्वतः उधन्यातच वाढलेल्या. त्यांनी बाळाचं वजन केलं, बेंबी पाहिली, वहीत लिहिलं.

"बाळ छान आहे," त्या म्हणाल्या. "तू कशी आहेस?"

"बरी आहे," सोनाली म्हणाली.

"मग अशी तिरकी का बसलीस?"

विशाखाताईंनी वही मिटली. योगराजला म्हणाल्या, "दादा, दोन मिनिटं बाहेर थांबा." दार लावलं. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "ऊठ बाई. दाखव मला."

पट्टा सुटला. पेटीच्या फटीतून मला सोनालीची पाठ तेवढी दिसली. कमरेभोवती दोरीने बांधल्यासारखा लाल वळ होता. पुढचं मला दिसलं नाही, पण शोभाबाईंनी पाहिलं. त्यांच्या हातातली वाटी खाली पडली.

"पाणी कधीपासून येतंय?" विशाखाताईंनी विचारलं.

"चार दिवस झाले."

"आणि कोणाला बोलली नाहीस?"

"काय बोलू तेच समजत नव्हतं ताई," सोनाली म्हणाली आणि रडायला लागली. "सगळ्या वेगवेगळं सांगतात."

विशाखाताई रागावल्या नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला. "आत्ताच्या आत्ता इस्पितळात जायचं. ताप आहे, टाक्यातून पाणी आहे, थांबायचं नाही. रिक्षा बोलवा. हिचे कपडे घ्या."

शोभाबाईंनी पेटी उघडली. जे हाताला लागेल ते त्या बाहेर काढत होत्या. परकर, टॉवेल आणि मग मी. विशाखाताईंनी मला त्यांच्या हातून घेतलं, कमरेची पट्टी ताणून पाहिली, कापड गालाला लावलं.

"ही घरात असताना हिने ती का घातली?"

"ही मोठी आहे," सोनाली हुंदका देत म्हणाली.

"मोठीच लागते. हिची पट्टी बेंबीच्या वर बसते, टाक्यांवर नाही. सुती आहे, पॅड नीट धरेल, कुठे काचणार नाही. पोट हळूहळू उतरतं, त्याला आवळून घाई करता येत नाही. आणि पट्टा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधायचा नाही. कोणी आणली ही?"

"यांनी," सोनाली दाराकडे बघत म्हणाली.

मित्रांनो, सुंदराने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या क्षणी मिळालं. पण आनंद करायची ती वेळ नव्हती. सोनालीचं अंग तापाने फणफणत होतं.

इस्पितळात तिला पाच दिवस ठेवलं. जखम साफ केली, औषधं दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळा दोष एका इलॅस्टिकचा नाही. पण ओल आणि घासणं ही दोन्ही टाक्यांची वैरी आहेत. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं." तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्या दिवशी शोभाबाईंनी स्वतःच्या हाताने मला सोनालीच्या पायांत घातलं, सांभाळून वर ओढलं आणि विचारलं, "कुठे लागतं का?"

"नाही," सोनाली म्हणाली. थोड्या वेळाने परत म्हणाली, "खरंच नाही लागत."

शोभाबाई खाटेच्या कडेवर बसल्या. बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. बराच वेळ त्या बाळाच्या मुठीशी खेळत राहिल्या.

"योगराजच्या वेळी मला खाली टाके पडले होते," त्या म्हणाल्या. "लुगड्याची घडी त्यांना चिकटायची. काढताना जीव जायचा. दीड महिना मी नीट बसले नाही. सासू म्हणायची, नखरे करते."

"मग तुम्ही मला घडीच का सांगितली?" सोनालीने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखर समजत नव्हतं.

"मले दुसरं काय माहीत व्हतं, माय," शोभाबाई अहिराणीत म्हणाल्या. "मना टाइमले कोणी इचारंच नही."

म्हणजे, माझ्या वेळी कोणी विचारलंच नाही. सोनालीने हात पुढे करून सासूचा हात धरला. मला वाटतं, त्या दोघी एकमेकींशी खऱ्या अर्थाने बोलल्या त्या तेव्हाच.

त्यानंतरचे महिने माझे कामाचे होते. आम्ही तिघी आळीपाळीने राबलो. शोभाबाई आम्हाला धुऊन गच्चीवर नेत आणि भर उन्हात, उघड्यावर वाळत घालत. पहिल्या दिवशी समोरच्या गच्चीवरची माणसं बघायला लागली तेव्हा त्याही क्षणभर घुटमळल्या, पण झाकायला आणलेला टॉवेल त्यांनी परत खालीच नेला. उन्हात वाळणं म्हणजे काय सुख असतं, ते तुम्हाला कसं सांगू?

सोनाली बरी झाली. तिची मुलगी रांगायला लागली, मग चालायला लागली. माझ्या दोघी मैत्रिणी विरून गेल्या. माझंही इलॅस्टिक सैल पडलं, रंग उडाला, शिवणीत भोक पडलं. आता मला कोणी घालत नाही. एके दिवशी शोभाबाईंनी पुसायच्या फडक्यांत टाकायला मला उचललंही होतं. पण त्याच दुपारी अंगणवाडीत गरोदर बायकांची बैठक होती आणि विशाखाताईंनी शोभाबाईंना बोलवलं होतं. त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी मला घडी करून पिशवीत घातलं.

बैठकीत पंधरा-वीस बायका होत्या. मागच्या रांगेत वर्षाही बसली होती, सातवा महिना लागलेला. गोळ्या, तपासण्या, लसी सगळं सांगून झालं. मग शोभाबाई उठल्या. आयुष्यात कधी चार लोकांपुढे न बोललेली ती बाई. त्यांनी मला बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी उंच धरलं.

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. काहींनी माना वळवल्या.

"हसा," शोभाबाई म्हणाल्या. "मीही हसले होते. माझी सून मरता मरता वाचली, तेव्हा हसू गेलं." मग माझ्या कमरेच्या पट्टीवर बोट ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. अडखळत, मराठी-अहिराणी-गुजराती मिसळून, पण काही न झाकता.

हसू थांबलं. मग मागच्या रांगेतून वर्षा म्हणाली, "मावशी, मला विचारायचं होतं. पण काय विचारायचं तेच कळत नव्हतं."

"मग जसं येईल तसं विचार," शोभाबाई म्हणाल्या आणि तिच्याशेजारी जाऊन बसल्या. त्यानंतर एकेक बाई विचारायला लागली. मी हातोहात फिरले. कोणी माझं कापड चोळलं, कोणी पट्टी ताणली. माझ्या विटक्या रंगाला कोणीच नाव ठेवलं नाही.

मित्रांनो, अंगाला चिकटून असलेल्या वस्तूबद्दल बोलायला माणसं एवढी का घाबरतात, हे मला अजूनही उमगलेलं नाही. तुम्ही लहान आहात, तुम्हाला कदाचित लवकर उमगेल. माझं मागणं छोटंसं आहे. तुमच्या घरी नवं बाळ येईल तेव्हा सगळे विचारतील, वजन किती, कोणावर गेलंय, नाव काय ठेवणार. तुम्ही मात्र बाळाच्या आईजवळ जा आणि हळूच विचारा, "तुला बसताना दुखतं का?"

ती आधी "नाही" म्हणेल. तरी तुम्ही तिच्याजवळच थांबा.