जावयाची सीट

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये माणसं किती बसतात, हे आरटीओला विचारलं तर नऊ. कोपरगावच्या स्टँडवर रंगनाथला विचारलं तर तो आधी बाहेर उभ्या असलेल्या माणसांकडे बघायचा आणि मग म्हणायचा, "हायेत किती?" जितकी असतील तितकी तो बसवायचा.

रंगनाथ स्टँडवरचा एजंट. जीप भरून द्यायची, हा त्याचा धंदा. "शिर्डी शिर्डी शिर्डी, चला एकच सीट!" जीप रिकामी असली तरी एकच सीट आणि माणसं मागच्या फळीला लोंबकळत असली तरी एकच सीट. आवाज असा, की एसटीत खिडकीजवळ जागा धरून बसलेला माणूससुद्धा उठून खाली यायचा. त्याचा मुलगा महेंद्र त्याच स्टँडवर जीप चालवायचा. बापाने भरायची आणि पोराने न्यायची, असं चार वर्षं चाललं होतं.

सगळीकडे माणसं कोंबून झाली की शेवटचा माणूस बसायचा ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हर आणि दार यांच्या मधे. ड्रायव्हर गिअरच्या दांड्याकडे सरकायचा आणि अंग तिरपं करून स्टेअरिंग धरायचा. बसणाऱ्याचं अर्धं बूड सीटवर, अर्धं दारावर. मान पुढचा आणि हाल सगळ्यात जास्त, म्हणून स्टँडवर त्या जागेला जावयाची सीट म्हणत. त्या सीटचा एकच नियम होता. तिथला माणूस दाराशी, म्हणून आधी तो उतरायचा, मग ड्रायव्हर. तो उतरल्याशिवाय ड्रायव्हरची सुटका नाही.

शहाण्णव सालच्या जानेवारीतल्या एका गुरुवारी, पहाटे धुकं पडलेलं असताना, त्या सीटवर साळूबाई बसली होती. साळूबाई म्हणजे झेंडूच्या माळा शिर्डीला नेऊन विकणारी म्हातारी. मांडीवर पाटी, पाटीवर ओलं फडकं. गुरुवारी शिर्डीला गर्दी, आणि तिची एसटी चुकलेली. महेंद्र काचेतून बघून म्हणाला होता, "दादा, जागा न्हाई." आणि रंगनाथ म्हणाला होता, "तू जरा सरकला की हुतीय की जागा. म्हातारं मानूस हाय, सरक." महेंद्र सरकला. रंगनाथने म्हातारीला हाताला धरून वर चढवलं, पाटी तिच्या मांडीवर दिली आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. दोन थापा म्हणजे जाऊ द्या.

पुढे पाच-सहा किलोमीटरवर धुक्यातून समोरून एकच दिवा आला. मोटारसायकल असेल म्हणून महेंद्रने तेवढाच रस्ता सोडला. तो ट्रॅक्टर होता, एक दिवा फुटलेला, मागे कारखान्याकडे चाललेली उसाची ट्रॉली. ट्रॉलीने जीपची उजवी बाजू कापत नेली आणि जीप रस्त्याकडेच्या चारीत उलटली. बाकीच्यांचे हातपाय मोडले. मेली एकटी साळूबाई.

पोलीस म्हणाले, उजवीकडे माणूस बसवल्यावर ड्रायव्हरचा हात फिरणार कसा. नगरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, उजवीकडे माणूस होता म्हणून हा वाचला, सगळा मार तिने घेतला. दोन्ही खरं होतं. डॉक्टरांचं बोलणं ऐकलं तेव्हा रंगनाथच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बरं झालं म्हातारी बसली होती. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. असलं सांगतं कोण?

महेंद्र वाचला म्हणजे श्वास राहिला. सव्वीस वर्षांचा गडी, पाठीचा मणका दुखावला आणि कमरेखाली काही कळेना. डोक्यालाही मार होता. अपघात झाला हे त्याला सांगावं, त्याने मान डोलवावी आणि तासाभराने विचारावं, "शिर्डी आली का?" त्याची आई चांगुणाबाई कॉटच्या पायथ्याशी बसून त्याचे तळवे चोळायची. डाव्या पायाचा अंगठा एकदा हलला, असं तिने शपथेवर सांगितलं. डॉक्टरांनी टोचून बघितलं आणि म्हणाले, आशा आहे, पण आधी पाठीची जखम.

जखम पडून पडून झालेली. डाव्या खुब्यावर आणि माकडहाडावर. अशा माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, थोडा वेळ डावी, थोडा वेळ उताणा, थोडा वेळ उजवी. महेंद्र उजव्या कुशीला वळेच ना. वळवायला गेलं की कॉटची डावीकडची दांडी धरून ठेवायचा. पायात जीव नव्हता, पण हातात अजून ड्रायव्हरचा जोर होता. एरवी उताणा ठेवला तरी हातांच्या जोरावर अंग ओढत डावीकडे जायचा आणि उजवीकडे वीतभर नाही, चांगली हातभर जागा मोकळी सोडायचा. एका माणसाची जागा.

वृषाली सिस्टर रोज दोनदा चादर सरळ करायच्या. एकदा त्या त्रासून म्हणाल्या, "बाबा, या बाजूला पाणी कोण सांडतं हो? चादर ओली आहे." रंगनाथने हात लावून बघितला. उजवी बाजू मांडीएवढ्या जागेत ओली होती. अंग पुसताना सांडलं असेल, असं तो म्हणाला. त्या दिवशी अंग पुसायचं अजून बाकी होतं, हे त्याला ठाऊक होतं.

जबाब घ्यायला हवालदार आला तेव्हा महेंद्र नेमका शुद्धीत होता. हवालदाराने विचारलं, "उजवीकडे बाई कुणी बसवली?" रंगनाथ उशाशीच उभा. महेंद्रने बापाकडे बघितलंसुद्धा नाही. "मीच घेतली," म्हणाला. हवालदाराने लिहून घेतलं, अंगठा घेतला आणि गेला. ज्याचा आवाज अर्ध्या कोपरगावला ऐकू जायचा, तो रंगनाथ हवालदाराच्या मागून दारापर्यंत गेला आणि परत आला.

मार्च लागला. डॉक्टरांनी रंगनाथला बाजूला घेऊन सांगितलं, "जखम हाडाकडं चाललीय. या आठवड्यात उजव्या कुशीवर राहिला नाही तर विष अंगात भिनेल. मग मणक्याचं काय, कशाचंच काय करता येणार नाही." एकदा चादरीने बांधून त्याला उजवीकडे वळवून बघितलं होतं. तो असा किंचाळला, की पलीकडच्या कॉटवरचं प्लॅस्टरमधलं माणूस उठून बसायला लागलं. "चेंगरंल ती," महेंद्र ओरडत होता. "चेंगरंल."

शेजारच्या पेशंटची बायको, गोजरबाई, दोन महिन्यांत घरच्यासारखी झालेली. तिने चांगुणाबाईला हळूच सांगितलं, की पोराला बाहेरचं लागलंय, लिंबू-नारळाचा उतारा काढून टाका. चांगुणाबाईने ते नवऱ्याच्या कानावर घातलं.

"आपल्यात भुतंखेतं न्हाईत," रंगनाथ म्हणाला. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्याच्या बापाने घरातले देवांचे टाक फडक्यात बांधून गोदावरीत सोडले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आणि फडकं त्याच्याच हातात दिलं होतं. तेव्हापासून त्याने ना नवस केला, ना अंगारा लावला. शिर्डीला हजारो माणसं पाठवली, पण स्वतः देवळाची पायरी चढला नाही.

"मला बी ठाव हाय न्हाईत ते," चांगुणाबाई म्हणाली. "घरात कुनाचा फोटू हाय ते मला नका शिकवू. पन मंग तिथं कोन बसलंय, ते सांगा."

रंगनाथने कॉटच्या उजव्या बाजूकडे बघितलं. त्यालाच तर माहीत होतं कोण बसलंय.

त्या दिवशी दुपारी त्याने बायकोला चहा प्यायला खाली पाठवलं आणि स्टूल ओढून कॉटच्या डावीकडे बसला. वॉर्डात पंखे फिरत होते. गोजरबाई नवऱ्याला भात भरवत होती.

"महेंद्रा, तिला मी बसवली," रंगनाथ म्हणाला.

"ठाव हाय."

"तू म्हनला हुतास, जागा न्हाई."

"व्हय."

"मंग हवालदाराला का न्हाई सांगितलं?"

महेंद्र छताकडे बघत म्हणाला, "दादा, मी सरकलो हुतो. पन अजून सरकाया पायजे हुतं. माझी मांडी तिला लागत हुती. ती म्हनली, बाळा, मी अवघडून बसते, तू नीट चालव."

रंगनाथने स्टूल आणखी जवळ ओढलं. दोन महिने गिळून ठेवलेलं त्याला आता गिळवेना. "ऐक," तो म्हणाला. "मला लई बरं वाटलं हुतं. ती मेली आन तू राहिला म्हनून. तिच्या घरी बी गेलो न्हाई मी. तिच्या मातीला बी गेलो न्हाई." एवढं बोलून तो रडला. आवाज करून नाही, पण रडला.

महेंद्रने हात लांब करून बापाचा गुडघा दाबला. गिऱ्हाइकाची समजूत काढावी तसा म्हणाला, "रडू नका. पन तिला उतरवा आता. लई येळ झाला तिला बसून. ती उतरल्याबिगर मला बी उतरता येत न्हाई."

स्टँडवरच्या कुठल्याही एजंटाला हे कळलं असतं. डॉक्टरांना कळलं नसतं, गोजरबाईला तर मुळीच नसतं. लिंबू-नारळ टाकून काय होणार होतं? ती काही लागलेली नव्हती, ती उतारू होती. तिला शिर्डीला जायचं होतं. ज्याने चढवलं त्यानेच उतरवून घ्यायचं, एवढंच काय ते राहिलं होतं.

रंगनाथ उठला. उपरण्याने तोंड पुसलं आणि कॉटला वळसा घालून उजव्या बाजूला गेला. लाज वाटत होती. पन्नास वर्षांचा माणूस, बापाच्या हातचं फडकं नदीत सोडून आलेला, आणि भर दुपारी, भर वॉर्डात हे करायला निघालेला. त्याने लोखंडी दांडीवर एक थाप मारली. एक थाप म्हणजे थांबा.

"शिर्डी आली," तो म्हणाला. आवाज स्टँडवरचा लागला, त्याला आवरता आला नाही. गोजरबाईचा घास हातातच राहिला. "साळूबाई, उतरा. सावकाश. आधी पाटी द्या माझ्याकडं."

त्याने दोन्ही हात पुढे केले आणि पाटी घेतली. ती घेऊन डाव्या कमरेवर टेकवली आणि उजवा हात पुन्हा पुढे केला. "हां. पाय जपून. धरा मला."

महेंद्र डोळे मोठे करून बघत होता, बापाकडे नाही, बापाच्या शेजारी.

"उतरली?" त्याने विचारलं.

"उतरली."

"नीट?"

"नीट. आता तू सरक."

महेंद्रने डावीकडची दांडी सोडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा सोडली. वृषाली सिस्टर कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी पटकन त्याच्या पाठीखाली हात घातला, आणि तो हातभर मोकळ्या जागेवर, उजव्या कुशीला, लोण्यासारखा वळला. सिस्टरने दोन उशा लावल्या. जखमेला वारा लागला तसा त्याने सुस्कारा सोडला. चांगुणाबाई चहाची किटली घेऊन दारात आली, बघितलं, आणि तिथेच खाली बसली.

रंगनाथला वाटलं, संपलं. तो हात खाली सोडणार, एवढ्यात डोळे मिटता मिटता महेंद्र म्हणाला, "दादा, तिला एकटीला सोडू नका. धुकं हाय."

रंगनाथ कमरेवरचा हात तसाच ठेवून वॉर्डाच्या बाहेर आला. व्हरांड्यात मार्चचं ऊन पडलं होतं. इतकं लख्ख, की फरशीकडे बघवत नव्हतं. आपण वेडेपणा केला आणि तो लागू पडला, असं तो स्वतःला सांगत होता. पोरगं आता जगेल. मणक्याचं होईल. अंगठा हलला होता, पायही हलेल. बास, अजून काय पाहिजे माणसाला? भिंतीला लागून लाकडी बाकडं होतं. तो त्यावर बसला तेव्हा त्याच्या सदऱ्याची डावी बाजू कमरेपाशी गार लागली. हात लावून बघितला. ओली होती.

तो बाकड्यावर सरकला. आणखी थोडा सरकला, अगदी कडेपर्यंत, अर्धं बूड बाहेर जाईपर्यंत.

थोड्या वेळाने हातात डबा घेतलेली एक बाई आली. बाकडं चांगलं लांबलचक रिकामं होतं, पण ती आदबीने थांबली आणि म्हणाली, "बाबा, हितं कुनी बसलंय का?"

"व्हय," रंगनाथ म्हणाला. "बसलंय."