मागचा बाक

माझ्या बायकोला, तिवोंगेला, शेवटची अंघोळ घालून झाली, तेव्हा आमच्या चर्चच्या महिला संघाची प्रमुख न्यामुन्थाली बाहेर माझ्यापाशी आली. हातात तिवोंगेचा पांढरा झगा होता. संघातली बाई गेली की तिला या झग्यात पुरतात, पण आधी नवऱ्याला विचारतात.

"तेम्वाचे बाबा, झगा घालू ना?"

"विचारायचं काय त्यात?"

"रीत आहे म्हणून." ती चटईवर टेकली. "पाळक आज तुमच्याविषयी बोलणार आहेत. देव जसा आपल्याला टाकत नाही, तसं या माणसानं बायकोला टाकलं नाही म्हणून. तुम्ही मागच्या बाकावर तिच्याजवळ येऊन बसलात ना, मी रडले होते. माझ्या नवऱ्यानं तोच बाक माझ्या डोक्यात घातला असता."

मागच्या बाकावर म्हातारी माणसं बसतात, लेकुरवाळ्या बसतात, आणि चर्चनं शिक्षा दिलेलेही बसतात. चौदा वर्षांपूर्वी तिवोंगे सहा महिने तिथं बसत होती. गुडघे दुखतात, पुढं पाय पसरता येत नाहीत, झगाही घट्ट होतो, असं मला म्हणाली होती. मी सरोवराकडचं दोन वर्षांचं गवंडीकाम संपवून नुकताच घरी आलो होतो. उठताना तिला हात द्यावा म्हणून पुरुषांची बाजू सोडून मी तिच्याशेजारी बसायला लागलो. लोक वळून बघायचे. मला वाटायचं, हसतायत.

"त्या लाकूडवाल्याचं नावसुद्धा कधी काढलं नाहीत तुम्ही," न्यामुन्थाली म्हणाली.

कुठला लाकूडवाला, असं विचारणार होतो. तेवढ्यात सगळं कळलं. ते सहा महिने गुडघ्यांचे नव्हते, शिक्षेचे होते.

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तिनं सांगितलं होतं ना तुम्हाला? शिक्षेत काढून घेतलेला झगा नवऱ्याची माफी मिळाल्याशिवाय आम्ही परत देत नाही. ती म्हणाली, मिळाली. तुम्ही शेजारी येऊन बसलात, म्हणून आम्ही मानलं."

मी नाही म्हटलं असतं, तर तिला साध्या लुगड्यात पुरलं असतं आणि सगळ्या गावाला कारण कळलं असतं. आत आमची तेम्वा आईच्या उशाशी बसली होती.

या आजारपणात दोन वर्षं मी तिवोंगेला हातानं पेज भरवली. गेल्या आठवड्यापर्यंत तिची वाचा शाबूत होती. मीठ कमी आहे, उशी सरकवा, एवढं सगळं सांगत होती. हे नाही सांगितलं. लग्नात आम्ही दोघांनी देवासमोर वचन दिलं होतं. तिनं ते मोडलं म्हणून मी त्यातून सुटतो का, हे विचारायला आता कुणी नव्हतं.

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

"मग घालू?"

"घाला."

पाळक बोलले. लोक रांगेनं येऊन माझा हात हातात घेत होते. चौदा वर्षं यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी कुणाच्या डोळ्यांत बघितलं नाही.

पेटी बंद करण्याआधी मला बोलावलं. झग्याची कॉलर एका बाजूनं दुमडली होती. ती मी सरळ केली. तिच्याशी काही बोलावंसं वाटलं नाही.